वाघोली ते वाघोली, गळक्या टाकीसह

उन्हाळ्याची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं की आमच्या स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात: कुठे जाऊन आलात? यंदा कुणी स्पिती सांगितलं, कुणी व्हिएतनाम. मी म्हटलं, वाघोली, खडकी आणि हिंजवडी. सगळे हसले. मी हसले नाही, कारण या सहा दिवसांच्या प्रवासात मला जे सोसावं लागलं ते व्हिएतनामला जाऊन आलेल्यांनी सोसलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या विमानाची टाकी गळत नव्हती.

वाघोली, रविवार

आधी गाडीविषयी. लांब पाठीची, डिकीऐवजी मागे जवळजवळ एक खोलीच असलेली गाडी, म्हणजे स्टेशन वॅगन, आपल्याकडे फारशी खपत नाही. त्यात ही टर्बो इंजिनाची, सहा गिअरची, रस्त्याला चिकटून पळणारी, गडद निळी. एका परदेशी कंपनीनं वीसेक वर्षांपूर्वी अशा मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. मी वीस वर्षं तिची वाट बघत होते. लोकांनी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं: माझी दुर्बीण आडवी मावेल अशी दुसरी गाडी नाही. ते खरंच आहे. आकाशदर्शनाला गावाबाहेर जायचं तर दुर्बिणीची लांब नळी, तिपाई आणि दोन खोकी न्यावी लागतात. पण दुर्बीण काय टेम्पोतूनही जाते. मला गाडी जोरात चालवायला आवडते, आणि एक्कावन्नाव्या वर्षी त्याचं कारण देत बसायची माझी इच्छा नाही.

गाडी बबनरावांकडे होती. नगर रस्त्यावर त्यांची शेती होती, आता तिच्यावर इमारती आहेत आणि मधोमध त्यांचं घर आणि गोठा. गाडी मुलानं हौसेनं घेतलेली. मुलगा कॅनडात गेला आणि गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या बाजूला, झाकून ठेवलेली. बबनराव रोज सकाळी ती पुसायचे आणि आठवड्यातून एकदा वाघेश्वराच्या देवळापर्यंत फिरवून आणायचे.

"घोडं बांधून ठिवलं की बिघडतं," ते म्हणाले. "ह्ये बी घोडंच हाय."

वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमरस आणि तळलेल्या कुरडया. वाटी निम्मी झाली रे झाली की न विचारता वरून रसाची धार. आमच्याकडे "वाढू का?" असं विचारतात, आणि समोरचा भिडेखातर "नको" म्हणाला की लगेच पातेल्यावर झाकण ठेवतात. मी चार वाट्या रस खाल्ला आणि मग झोप येत असताना व्यवहार बोलले. बबनरावांनी फार घोळ घातला नाही.

"आज घिऊन जा. चालवा, बगा. कागदावर सह्या शनवारी. न्हाई पटली तर शनवारी आणून लावा, मी काय इचारणार न्हाई. पर शनवारच्या म्होरं जाऊ नका. मुंबैचा एक गडी रइवारी येतोय, त्यो न बगताच न्हेणार हाय."

म्हणजे हातात सहा दिवस. शनिवारी मी सही केली नाही तर रविवारी गाडी मुंबईला, आणि मग मला ती या जन्मात मिळणार नव्हती.

खडकी, त्याच दिवशी

तिथून सरळ खडकीला गेले, अण्णांना गाडी दाखवायला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते आणि चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, हे ते कुणालाही ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत सांगतात. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. तिथल्या घरांना कारखान्याची शिस्त असे. काडेपेटी गेटवर काढून द्यायची, बुटाला खिळा चालायचा नाही, आणि ठिणगी उडू नये म्हणून हत्यारं पितळेची. आमच्या घरी पितळी हातोडी होती. माझ्या मैत्रिणींना ती देवपूजेतली वाटायची. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी अण्णा घरात पितळी स्क्रू वापरतात आणि विजेच्या ड्रिलला हात लावत नाहीत. भिंतीला भोक पाडायचं तर अजून हातानं फिरवायचं ड्रिल, टरटर करत, अर्धा तास.

आता ते एकटे राहतात, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत. मी पोचले तेव्हा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं होतं आणि अण्णा दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं. वास म्हणून काही येत नाही.

गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ. एवढं मी चालवून घेते. मग अण्णा जरा चाचरत म्हणाले, "नीले, दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी बांधूया का हिला?"

"अण्णा, मी फिजिक्स शिकवते," मी म्हटलं.

"हो, ते आहेच," असं म्हणून त्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "तू पिठलं टाक. मी जरा डिकी बघतो."

पिठलं झालं, भात झाला, ताटं वाढून झाली, तरी अण्णा खालीच. खिडकीतून विचारलं तर म्हणाले, तुझा जॅक खडखडत होता, नीट बसवला. त्यांचे हात काळे झाले होते आणि चेहरा खूष होता. बऱ्याच दिवसांनी त्यांना कसलं तरी काम मिळालं म्हणून मलाही बरं वाटलं.

कर्वेनगर, सोमवार

सोमवारी सकाळी पंपावर जाऊन टाकी फुल्ल केली. नवी गाडी घेतली की पहिली टाकी काठोकाठ भरायची, ही आमच्या घरातली रीत. याला अण्णा शकुन म्हणतात आणि मी सोय म्हणते.

घरी येऊन गाडी लावली, वर जाऊन चहा ठेवला, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची हाक आली.

"अहो मॅडम, गाडी घेतलीत की पेट्रोल पंप?"

गाडीखाली फरशी ओली होती. वास नाकात जात होता. मी पोटावर झोपून बघितलं. टाकीच्या तळाच्या कडेवरून थेंब पडत होते, सावकाश, एकामागून एक. काका गॅलरीतून बघत होते. "आमच्या जिन्यात कुणी विडी ओढत नाही म्हणून बरं," असं म्हणून ते आत गेले, आणि थोड्या वेळानं वाळूची बादली घेऊन स्वतःच खाली आले.

दुपारपर्यंत गळती आपोआप थांबली. पंपावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "अंगाचा साबण लावा ताई, ओला करून. वीस गाड्या धावतायत माझ्या साबणावर." मी साबण लावला. अर्धी वडी गेली. संध्याकाळी पुन्हा टाकी भरली, गाडी मोकळ्या जागेत लावून खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली, आणि तासाभरानं पहिल्या पानावरचा मंत्री डोक्यापासून पायापर्यंत भिजला होता.

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि फोन हाताशीच असतो. बबनरावांना म्हटलं, तुम्ही मला गळकी गाडी दिलीत. रसाच्या वाट्या वाढल्यात आणि हे सांगायचं तेवढं विसरलात.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग ते म्हणाले, "ताई, माज्याकडं येक थेंब पडला न्हाई. शेडात बगून जावा, जमीन कोरडी हाय. पर तुमाला खोटं वाटत आसंल तर शनवारी आणून लावा. माजा शबुद हाय." आणि फोन ठेवला.

त्यांचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. ते मला कळलं, पण मी तेव्हा रागातच होते. गाडी परत करायची नाही आणि गळकीही ठेवायची नाही, असं ठरवूनच मी त्या दिवशी झोपले.

हिंजवडी, मंगळवार ते गुरुवार

अशा गाड्यांचं काम करणारं एक वर्कशॉप हिंजवडीत आहे असं कळलं. टाकी निम्म्यावर आणून, खिडक्या उघड्या ठेवून, भर उन्हात निघाले. कंपन्यांच्या बसच्या रांगेत हिची सगळी घोडेशक्ती पहिल्या गिअरमध्ये घालवत दीड तासानं पोचले. एकेकाळी इथे आम्ही हुरड्याला यायचो. आता हुरडाही मिळतो, पण काचेच्या डबीत, चीज घालून. मी खाऊन बघितला. वाईट नव्हता, फक्त हुरडा नव्हता.

वर्कशॉप एखाद्या दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. तिथल्या रोहन नावाच्या इंजिनिअरनं गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅम, बेसिकली काही लीकच नाहीये."

"काल होतं."

"करंटली ड्राय आहे. सीमला थोडे स्टेन्स दिसतायत, तिथे सीलंट लावून देतो. सर येणारेत का पिकअपला?"

"कोण सर?"

"म्हणजे, गाडी जे चालवतात ते."

"ते मीच," मी म्हटलं. त्यानंतर रोहन माझ्याशी फार अदबीनं बोलू लागला.

तळाच्या जोडावर सीलंट लावून बुधवारी गाडी मिळाली. वर्कशॉपसमोरच्या पंपावर टाकी फुल्ल केली आणि रस्ता ओलांडून परत यायच्या आत वास सुरू. रोहननं पुन्हा लिफ्ट, पुन्हा टॉर्च. म्हणाला, टाकी आतून गंजली असणार, जुनी गाडी आहे, जुन्या मालकानं लपवलं. नवी टाकी मागवू, परदेशातून यायला दोन महिने.

माझ्याकडे दोन महिने नव्हते, तीन दिवस होते. शिवाय एक गोष्ट मला खटकत होती. टाकी निम्मी असली की गळत नाही आणि भरली की गळते. तळाला भोक असतं तर निम्मी टाकीही गळली असती. बारावीच्या मुलांना मी हेच शिकवते आणि स्वतः तीन दिवस तळाला साबण चोळत बसले होते.

"रोहन, भोक वर आहे," मी म्हटलं. "पेट्रोल वरून ओघळून खाली येतंय. निम्मी रिकामी करा आणि पाच-पाच लिटर घालत बघूया."

"मॅम, टाकीच्या वर काही लागूच शकत नाही. वर डायरेक्ट गाडीचा फ्लोअर आहे."

"तरी बघूया."

गुरुवारची सकाळ त्यात गेली. वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. रोहन कॅनमधून पेट्रोल ओतत होता, मी खाली वर्तमानपत्रावर आडवी होते. तिथली बाकीची मुलं कामं सोडून बघायला आली. पाच लिटर, कोरडं. दहा, कोरडं. पंधरा, वीस, पंचवीस, तरी कोरडं. रोहननं घड्याळात बघितलं. मी म्हटलं, अजून घाला. तीस लिटर झाले आणि टाकीच्या बाजूवरून एक चकाकणारी रेघ सरकत खाली आली. मी एवढ्या जोरात ओरडले की सगळ्यांना वाटलं मला भाजलं.

मग ते टाकी उतरवायला तयार झाले. दुपारी टाकी खाली आली. तिच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्याजवळ, बरोबर एक गोल भोक. गंजानं पडतं तसं फाटकं नव्हतं, नेटकं होतं. आणि त्याच्या बरोबर वर, गाडीच्या तळातून एका स्क्रूचं टोक बाहेर आलं होतं.

"बघा मॅम," रोहन म्हणाला. "प्रीव्हियस ओनरनं डिकीत काहीतरी फिट केलंय. स्पीकर वगैरे. तुम्ही फोटो काढून पाठवा त्यांना. गाडी परत करा, क्लिअर केस आहे."

मी टॉर्च हातात घेतला. स्क्रूचं टोक पिवळं होतं. पितळी.

गाडीत पितळी स्क्रू कुणी मारत नाही. जगात असा एकच माणूस मला माहीत होता. मी वर जाऊन डिकीचा गालिचा उचकटला. जॅकच्या खाचेशेजारी, चार पितळी स्क्रूंनी घट्ट बसवलेली, घोड्याची नाल होती.

आणि ती नाल माझ्या ओळखीची होती. क्वार्टर्समधल्या आमच्या दारावर ती वीस वर्षं होती. आईनं लावून घेतली होती. परीक्षेला निघताना ती मला तिला हात लावायला लावायची आणि अकरावीत सायन्सला गेल्यावर मी तो लावायचं बंद केलं. त्या नालेवरून मी आईची पुष्कळ थट्टा केली. आई गेली, क्वार्टर सोडलं, तेव्हा अण्णांनी ती दारावरून काढून कुठे ठेवली, मी कधी विचारलंही नव्हतं.

चारांपैकी तीन स्क्रू मोकळ्या जागेत गेले होते. चौथा टाकीवर. मी चारही काढले, नाल पर्समध्ये ठेवली आणि रोहनला म्हटलं, "जुन्या मालकाचा काही दोष नाही. टाकी मला द्या. मी दुरुस्त करून आणते."

"मॅम, फ्युएल टँक कुणी वेल्ड करत नाही. ब्लास्ट होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ज्याला ते सगळ्यात जास्त माहीत आहे त्याच्याचकडे नेतेय."

खडकी, शुक्रवार

रिकामी टाकी घेऊन छोट्या टेम्पोनं खडकीला निघाले. टेम्पोवाल्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, खिशातली तंबाखूची पुडी आणि लायटर काढून माझ्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा. सवयीनं हात जातो." अण्णांच्या गेटवरची काडेपेटी मला आठवली.

वाटेत मी ठरवत होते, काय सांगायचं. अण्णांना सांगितलं नाही तर गाडी राहते, अण्णांचा मानही राहतो. पण बबनरावांना मी जे बोलले ते तसंच राहतं. आणि सांगितलं तर? ज्या माणसाचं सगळं आयुष्य "चौतीस वर्षांत एकही अपघात नाही" या एका वाक्यावर उभं आहे, त्याला हे कसं सांगायचं? सांगवीपर्यंत माझं ठरत नव्हतं.

सांगायची वेळच आली नाही. टाकी अंगणात उतरवली. अण्णांनी चष्मा लावला, भोकावर बोट फिरवलं, करंगळी त्यात घालून बघितली. मग बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

"हे ड्रिलचं आहे," ते म्हणाले.

मी टाकी सरळ धरून ठेवली.

"पितळी होता स्क्रू?"

"हो."

अण्णा पायरीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं.

"हाताला दुसरा पत्रा लागला होता मला," ते म्हणाले. "मला वाटलं, परदेशी गाडी, तळ दुहेरी असेल. जोर लावून आरपार केलं. वास आला असता तर कळलं असतं. पेट्रोलच्या टाकीवर ड्रिल मारलं मी, नीले. मी!"

"हातड्रिलनं मारलंत म्हणून आपण दोघं आहोत," मी म्हटलं. "पण मला सांगितलं का नाहीत?"

"तू हसली असतीस."

मी खरंच हसले असते. चारचौघांतही सांगितलं असतं, रंगवून. अण्णा पेल्याकडे बघत म्हणाले, "तू गाडी जोरात हाणतेस. मी कोण सांगणारा? तुझी आई असती तर तिनं लावली असती नाल. म्हणून मी लावली." मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग मी म्हटलं, "अण्णा, उद्या संध्याकाळपर्यंत गाडी वाघोलीला पोचली पाहिजे. टाकी दुरुस्त झाली तर माझी, नाही तर मुंबईच्या माणसाची. कथलाचा डाग देऊन भोक बुजवता येईल का?"

त्यांनी पाणी पिऊन टाकलं आणि उठले. "आधी चहा टाक. मग सोडा आण, धुण्याचा. आणि गॅस बंद कर, सिलिंडरसकट. आज चहा झाला की घरात ज्योत पेटणार नाही."

त्यानंतर पाच तास मी अण्णांच्या हाताखाली काम केलं. गरम पाणी चहाच्या वेळीच तापवून घेतलं होतं. त्यात सोडा घालून टाकी तीनदा धुतली, हलवली, उलटी केली, उन्हात ठेवली. मी म्हटलं, आता वास येत नाही. अण्णा म्हणाले, "आता तुझं नाकच माझं नाक. पुन्हा हुंग." चौथ्यांदा धुतली. मग टाकीत पाणी भरलं, भोकाच्या जरा खालीपर्यंत, म्हणजे आत वाफ धरायला जागाच नको. शेगडी पेटवली ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, कुंपणापाशी. तांब्याचा जाड डागणीचा ठोकळा तिथे तापवायचा आणि नुसता ठोकळा टाकीपर्यंत आणायचा. ज्योत टाकीजवळ फिरकू द्यायची नाही. शेगडीपासून टाकीपर्यंत पावलं मोजून झाली: बावीस. प्रत्येक खेपेला मी बाजूला व्हायचं आणि ते एकटे जायचे.

"मी नेते ना," मी एकदा म्हटलं.

"लाइन सोडून उभी राहा," ते म्हणाले. कारखान्यातल्या आवाजात.

भोकाभोवतीचा रंग खरवडला, कथील धरावं म्हणून नवसागर लावला, पत्र्याची रुपयाएवढी चकती बसवली, आणि कथील पाण्यासारखं तिच्या कडेनं फिरलं. चहाचा कप उचलताना अण्णांचा हात थरथरतो. त्या ठोकळ्याच्या मुठीवर तो थरथरला नाही. थंड झाल्यावर टाकीत पुन्हा पाणी भरून ती उलटी टांगली आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. वरणभात थंडच खाल्ला, गॅस बंद होता म्हणून. जेवण होऊन हात धुऊन आल्यावर अण्णांनी पेपर उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि वाचायला लागले. कोरडा होता.

वाघोली, शनिवार

सकाळी सातला टाकी घेऊन आम्ही दोघं हिंजवडीत. रोहननं तो डाग बघितला, नख लावून बघितलं, मोबाइलवर फोटो काढला. "सर, हे तुम्ही केलंत? विदाउट फ्लेम?" अण्णा म्हणाले, "भोकही मीच केलं होतं." रोहनला ते कळलं नाही. माझ्या जबाबदारीवर टाकी बसवतोय असं त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं आणि अकरापर्यंत बसवून दिली. तळातली चारही भोकं बुजवली. समोरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. तासभर आम्ही गाडीखालचं वर्तमानपत्र बघत बसलो. अण्णांनी चीज घातलेला हुरडा खाल्ला आणि डबी सरळ माझ्या हातात दिली.

कागद कोरडा राहिला. आम्ही निघालो.

शनिवारचा नगर रस्ता, पूल, मेट्रोचे खांब, सगळं पार करून चारला वाघोलीत पोचलो. बबनराव शेडच्या दारात उभे होते. त्यांनी नमस्कार केला, पण हसले नाहीत. शेडमधली जमीन मी पहिल्यांदाच नीट बघितली. कोरडी होती, थेंबाचा डागही नव्हता.

"परत आणली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सही करायला आलेय. आणि माफी मागायला. तुमच्या गाडीत काही दोष नव्हता."

"मंग गळत काय व्हतं?"

मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. रस्त्यावरचा दगड उडून टाकीला लागला, असं सांगणार होते. तोंड उघडलंही. पण अण्णा पुढे झाले.

"मी भोक पाडलं," ते म्हणाले. "नाल बसवताना. कारखान्यात चौतीस वर्षांत एक अपघात नाही माझ्या हातून. हा पहिला. तुमच्यावर आळ आला, तो माझ्यामुळे."

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि मग पोट धरून हसायला लागले. वहिनी आतून बाहेर आल्या.

"आवो बाबा, पेट्रोलच्या टाकीला भोक पाडलं आन् तुमी हितं हुबं हाय! नाल लागू पडली की मंग! कुटं हाय ती? पुन्यांदा लावा आदी."

"नालेमुळे नाही," अण्णा म्हणाले. "पितळेमुळे."

सह्या झाल्या. आमरस झाला. अण्णांनी पाच वाट्या खाल्ल्या, चव अर्धीच कळते असं म्हणत. निघताना मी पर्समधून नाल काढली. अण्णा "राहू दे, राहू दे" म्हणत होते. मी ती सुतळीनं आरशाखाली बांधली, समोरच, दिसेल अशी, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तिला हात लावला. अण्णांनी बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

लोणीकंदच्या बाजूला रस्ता थोडा मोकळा मिळतो. मी गाडी मुद्दामच तिकडे वळवली, आणि वळवल्यावर, शेजारी अण्णा आहेत म्हणून, चाळीसनं चालवत राहिले. दोन किलोमीटर ते वेगाच्या काट्याकडे बघत राहिले. मग पट्टा घट्ट केला आणि म्हणाले, "एवढी घेतलीस कशाला? चालव की आता."